पान्यांगची जीभ

"सगळा माल खारा नाही, कुमारे. पण थोडा आहे, हे आधीच सांगून ठेवतो," ट्रकच्या फळीवरून खाली उतरत तुतोय हळूच म्हणाला. "गावची विहीर आटली. कोळशाचे दोन पेटते खड्डे मी समुद्राच्या पाण्यानं विझवले. माती टाकून विझवावे तर तुम्ही वाळू निघाली म्हणून परत पाठवणार. करायचं काय माणसानं?"

त्याच्या या मानलेल्या बहिणीने, पान्यांगने, तोंडावरचा फडका सोडला. "पोती कुठली ती?"

"तेच तर ठाऊक नाही! मेन्सिया आणि माझ्या मेहुण्यांनी भरली, सगळा काला करून टाकला. मी ओरडलो तर म्हणतात, एवढं काय त्यात, कारखान्याच्या फाटकावर पान्यांग आहे ना, ती काढील वेगळी. आणि खरंच आहे की. तू असताना आम्ही कशाला डोकं चालवायचं?"

एवढं बोलून तो ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला आणि निवांत सिगारेट ओढायला लागला. त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. पुंता गावातल्या प्रत्येक कोळसेवाल्याच्या दृष्टीने तो तसाच मिटत असे. खारा माल आहे हे आधी कबूल केलं की तेवढी पोती मुकाट्याने परत मिळत, कुणी वाकडा शब्द बोलत नसे. कबूल न करता सापडला, तर मात्र त्या माणसाला अख्खा हंगाम फाटक बंद. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पान्यांगच्या जिभेवर चालला होता.

साठ पोती होती. पान्यांग फळीवर चढली, पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तिने करवंटीच्या कोळशाचा एक तुकडा काढला, गुडघ्यावर पुसला आणि जिभेला लावला. तुकडा जिभेला घट्ट चिकटला. म्हणजे भाजणी उत्तम होती, आत सगळी भोकंच भोकं. तेवढं तिला कळलं. त्यापुढे काही कळलं नाही. खारट, तुरट, धुरकट, काहीच नाही. फेब्रुवारीतल्या तापात तिच्या तोंडाची चव गेली होती आणि आज एप्रिलची बावीस तारीख होती.

"मानांग, किती चाटताय!" मागच्या ट्रकवाल्याने थोरल्या ताईला मारतात तशी हाक मारली. "नवऱ्यालासुद्धा असाच चाटून पारखला होता का?"

"पारखला असता तर तो पदरात पडला असता का रे गाढवा?" पान्यांगने वळूनही न बघता उत्तर दिलं, आणि रांगेतले सगळे हसले. तीही हसली.

ती एकतीस वर्षं या फाटकावर होती. कारखाना करवंटीचा कोळसा विकत घेई, वाफेच्या भट्टीत पुन्हा भाजून त्याचे सच्छिद्र दाणे करी. बराचसा माल पाणी गाळायला आणि डोंगरातल्या सोन्याच्या गिरण्यांना जाई. पण सगळ्यांत निवडक जो माल, त्याच्यावर पॅलेडियम नावाचा धातू चढवत आणि तो औषधांच्या कारखान्यांना जाई. सोन्याच्या तोडीचा धातू. पूर्वीच्या केमिस्ट सोलिदादबाईंनी तिला एकदा चहा पिता पिता समजावून दिलं होतं: "हा कोळसा म्हणजे बोर्डिंग हाऊस आहे, पान्यांग. एकेका खोलीत धातूचा एकेक कण ठेवायचा. घोळक्यानं राहायला लागले की आळशी होतात, कामच करत नाहीत. आणि मीठ असलं ना, तर भट्टीत ते खोल्यांच्या भिंतीच खातं. मग हे शहाणे राहणार कुठे?" पान्यांगला ते फार पटलं होतं. तेव्हापासून ती मिठाला चोर म्हणायची.

चोर पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रयोगशाळेतून उत्तर यायला दोन दिवस लागत आणि ट्रक काही दोन दिवस फाटकावर थांबत नसत. पान्यांग तुकडा जिभेला लावी आणि तिथल्या तिथे सांगे, "समुद्र!" की पोतं बाजूला. जपानहून आलेल्या साहेबांनी तिच्या काळ्या जिभेचे फोटो काढून नेले होते. तिचा मुलगा जहाजावर कामाला होता, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. लोक तिला दुकानात रांगेतून पुढे जाऊ देत ते या जिभेमुळे. बाकी तिच्यात दुकानदाराने ओळखावं असं काही नव्हतं, आणि हे ती स्वतःही जाणून होती.

ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी तिने भातावर मासळीचं खारवण घेतलं, ज्याच्या नुसत्या वासाने शेजारच्या मांजरी जमतात ते, आणि चिखल खावा तसं ते तिच्या तोंडात फिरलं. तिने आणखी घेतलं. मग बरणीत बोट घालून चाटलं. डॉक्टर म्हणाला, येईल परत. कधी, ते त्याला माहीत नव्हतं. कारखान्यात तिने कुणाला सांगितलं नाही. आज येईल, उद्या येईल, म्हणता म्हणता दोन महिने गेले. दमट दिवशी तिचं निभावून जाई, कारण मिठाचा कोळसा ओल धरतो. अंगठा आणि बोट यांच्यात चोळलं की तो किंचित चिकट लागतो. हे तिने एकटीने शोधून काढलं होतं आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. पण त्या एप्रिलात पावसाचं नाव नव्हतं. तुतोयची पोती उन्हात तापून खणखणीत वाळली होती. तिने दहा पोत्यांतले तुकडे चोळून पाहिले. सगळे सारखेच कोरडे.

एक शब्द बोलायचा होता. खाली सावलीत बसलेला माणूस परका नव्हता. त्याच्या लेकीला, हॅनेलिनला, बाप्तिस्म्याच्या वेळी पान्यांगनेच हातांवर धरलं होतं. म्हणून तर ती त्याची कुमारे आणि तो तिचा कुंपारे, सख्ख्या भावंडांइतकं नातं. 'कुंपारे, माझी चव गेलीय, माल प्रयोगशाळेत जाऊ दे,' असं म्हणाली असती तर तो म्हणाला असता, बरं. पण मागे सात ट्रक उभे होते, त्यांच्या आत्ताच्या हसण्याचा आवाज अजून तिच्या कानांत होता आणि दोन वर्षांनी निवृत्ती होती. तिने प्रत्येक पोत्यातला तुकडा जिभेला लावला, डोळे मिटले, भुवई वर केली, अगदी नेहमीसारखं. आणि मनाला येईल तिथे बोट दाखवून नऊ पोती बाजूला काढली.

"समुद्र," ती नऊ वेळा म्हणाली.

"वा!" तुतोय खालून म्हणाला. "माझाही अंदाज आठ-नऊचाच होता. बघा रे, याला म्हणतात जीभ!"

नऊ पोती ट्रकवर राहिली, एक्कावन्न गोदामात गेली. त्या नऊ पोत्यांवर गावच्या बाजारात मासे भाजले गेले आणि चार दिवसांत त्यांची राख झाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निवडक माल तयार झाला, त्याच्यावर धातू चढवला, आणि शेवटच्या धुण्याला पाणी काळं आलं. पुन्हा धुतलं, पुन्हा काळं. दाणे आतून खाल्ले गेले होते. बोटांत धरले की चुरा होत होते, आणि त्या चुऱ्याबरोबर सोन्याच्या तोडीचा धातू गटाराकडे चालला होता. कारखान्याचे व्यवस्थापक, इंजिनिअर बास्मायोर, गटाराच्या तोंडाशी स्वतः कापड धरून उभे राहिले असं कामगार सांगत. गोदामातली उरलेली पोती तपासली. तुतोयच्या मालात मीठ निघालं.

त्याला बोलावणं गेलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. वजनकाट्याच्या शेडमध्ये टेबल मांडलं होतं. हमाल, ड्रायव्हर, रांगेतले कोळसेवाले असे वीसेक जण नुसते बघायला म्हणून जमले होते.

"मी तर आधीच सांगितलं होतं," तुतोय म्हणाला. "पान्यांगला विचारा ना. एखादं पोतं तिच्या हातून सुटलं असेल. माणूसच आहे."

"एखादं नाही, आठ," बास्मायोर म्हणाले. ते चिडखोर होते, पण अन्यायी नव्हते. आधी त्यांना संशय आला तो पान्यांगचाच. त्यांनी पाच बशा मागवल्या. प्रत्येकीत कोळशाचा एक तुकडा. "मानांग, राग मानू नका. यांतला एक खारा आहे. सांगा कुठला."

आभाळ गच्च भरून आलं होतं. शेडच्या पत्र्याला आतून घाम फुटला होता. पान्यांग टेबलापाशी गेली. तिने पहिला तुकडा उचलला, अंगठ्याने सहज पुसल्यासारखा केला, जिभेला लावला, ठेवला. दुसरा. तिसरा. चौथ्यावर अंगठा किंचित अडला. तिने तोही जिभेला लावला, डोळे मिटले, भुवई वर केली.

"समुद्र," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. आणि सगळ्यांत मोठ्याने तुतोयने वाजवल्या. "बघितलंत? जीभ शाबूत आहे!"

"जीभ शाबूत आहे," बास्मायोर सावकाश म्हणाले. "मग तुमचं मीठ आत गेलं कसं?"

तुतोयचे हात टाळीतच थांबले.

"मानांग, यांनी तुम्हाला आधी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," पान्यांग म्हणाली. ते खरं होतं, आणि ते म्हणताना तिला बरंही वाटलं. तुतोयने सुटकेचा श्वास सोडला.

"आणि तुम्ही जी नऊ पोती बाजूला काढलीत, ती?"

पत्र्यावरून एक थेंब टेबलावर पडला. पान्यांगने तो बघितला. वीस माणसं होती. त्यांतले निम्मे तिला मावशी म्हणत. तिने तुतोयकडे बघायचं टाळलं.

"खारी होती," ती म्हणाली.

मग काही सिद्ध करायचं उरलंच नाही. नऊ खारी काढली, तरी आठ खारी गोदामात. म्हणजे उतरवताना याने बाजूची पोती आत सरकवली आणि चांगली परत नेली. आधी कबुली द्यायची आणि मग हातचलाखी करायची. रांगेतला एक म्हातारा कोळसेवाला थुंकला. "सांगून फसवणारा चोराहून वाईट," तो म्हणाला.

तुतोय पान्यांगच्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि बोट ती अजून एकमेकांवर चोळत होती, तिचं तिलाही भान नव्हतं. चाळीस वर्षं कोळसा भाजलेल्या माणसाला त्या चोळण्याचा अर्थ काय कळत नसेल? ओला कोळसा तो स्वतःही असाच बघत असे. त्याने टेबलावरची आपली टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि काट्यावरून चालत फाटकाबाहेर गेला. काटा त्याच्या वजनाने थोडा हलला आणि परत जागेवर आला.

तुतोयला फाटक बंद झालं ते हंगामापुरतं नाही, कायमचं. किनाऱ्यावर असली बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. दुसऱ्या दोन कारखान्यांनीही त्याचा ट्रक बाहेरूनच वळवला. मेन्सियाचे भाऊ मासेमारीला निघून गेले. खड्ड्यांत पावसाचं पाणी साचलं. हॅनेलिन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, ती कॉलेज सोडून शहरात एका कापडाच्या दुकानात उभी राहायला लागली. हे सगळं पान्यांगला कुणी ना कुणी सांगत असे, सहानुभूतीने. "तुला किती वाईट वाटत असेल, मानांग. आपल्याच माणसानं असं करावं."

"काय करणार," पान्यांग म्हणे.

रात्र रात्र झोप लागत नव्हती वगैरे म्हणायला बरं वाटतं, पण तसं काही झालं नाही. तिला झोप लागत होती. ती जेवत होती, कामावर जात होती. फक्त प्रार्थनेला चर्चमध्ये ती आता मागच्या बाकावर बसू लागली, कारण पुढून तिसऱ्या बाकावर मेन्सिया असे. मनाशी तिने ठरवून टाकलं होतं की निवृत्त झाल्यावर सगळं सांगायचं. दोन वर्षांचा तर प्रश्न होता.

दोन वर्षं लागलीच नाहीत. ऑक्टोबरात फाटकावर एक यंत्र आलं. कोळशाची चिमूट पाण्यात ढवळून त्यात नळी बुडवली की मिठाचा आकडा दाखवणारं, मिनिटभरात. एवढं नुकसान झाल्यावर वरच्या मालकांनी ते मागवलंच. बास्मायोर तिला म्हणाले, "मानांग, तुमच्या जिभेवर आमचा विश्वास आहे. माणसांवर राहिला नाही." तिला मुदतीआधी निवृत्ती दिली, पूर्ण पेन्शनसकट. निरोपाला नूडल्स आणि भाजलेलं डुक्कर होतं. तिच्या गळ्यात फुलांची माळ घातली आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणात कुणीतरी म्हणालं की असा प्रामाणिकपणा आता यंत्रातच सापडेल. सगळे हसले.

निरोपानंतरच्या रविवारी ती पुंताला गेली. सकाळी बास्मायोरांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगून आली होती. ते पायरीवरच उभे होते, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता बोलताय, मानांग?" मग म्हणाले, "मालकांना कळवून बघतो." ते कळवणार नाहीत हे दोघांनाही समजलं.

तुतोयच्या घराला कुंपण म्हणून बांबूच्या काठ्या होत्या, कमरेइतक्या. दुपार झाली होती. तुतोय, मेन्सिया आणि सुट्टीला आलेली हॅनेलिन अंगणातल्या बाकांवर जेवायला बसली होती. मधे भाताचं पातेलं, तळलेली मासळी, चिरलेले टोमॅटो. पान्यांग काठ्यांशी उभी राहिली. जेवताना समोरून कुणी गेलं की 'या, जेवायला' म्हणायचं आणि जाणाऱ्याने 'झालं जेवण' म्हणून पुढे व्हायचं, ही इकडची रीत. पोटात आग पडली असली तरी जाणारा तेच म्हणणार, आणि घरात एकच घास उरला असला तरी बसलेला तेच म्हणणार. वाट चुकलेल्या माणसालासुद्धा म्हणतात, पोलिसालासुद्धा म्हणतात. पान्यांगचं उत्तर ओठांवर तयार होतं.

कुणी काही म्हटलं नाही.

"कुंपारे," शेवटी तीच म्हणाली. "माझी चव गेलीय. फेब्रुवारीपासून. ती नऊ पोती मी अशीच काढली. अंदाजानं."

मेन्सियाने मासळीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी आल्या आल्या सांगितलं त्यानं. मी म्हटलं, मग तिथेच का नाही ओरडलास? तर म्हणाला, तिच्या पोटावर पाय देऊ? बोलायचं तर तिनंच बोलायचं."

"मी आज बास्मायोरसाहेबांना सगळं सांगून आले."

"आज," तुतोय पहिल्यांदाच बोलला. त्याने वर बघितलं नाही. "यंत्र आल्यावर. पेन्शन हातात पडल्यावर. आता ते सांगायला तुला किंमत काय मोजावी लागली, पान्यांग?"

कुमारे म्हणाला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"चार महिने," मेन्सिया म्हणाली. "चार महिने वाट बघितली त्यानं. रोज संध्याकाळी त्या वाटेकडे तोंड करून बसायचा. मी म्हणायची, येणार नाही ती. तो म्हणायचा, येईल, तिनं आपल्या पोरीला हातांवर धरलंय." तिचा आवाज चढला नाही. हॅनेलिन मान खाली घालून भात चिवडत होती.

पान्यांगला काहीतरी बोलायचं होतं. माफी हा शब्द तिच्या घशापर्यंत आलाही होता. पण तीन माणसं जेवत होती, त्यांची बोटं भातातून तोंडाकडे आणि तोंडातून भाताकडे जात होती, आणि त्यात तिला शिरायला कुठे फटच दिसेना. ती काठीला धरून उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या पाठीमागच्या वाटेने एक अनोळखी माणूस सायकल ढकलत आला. मागे प्लास्टिकच्या बादल्या बांधलेल्या, इकडचा नव्हता, बहुतेक डोंगराकडचा. घामाने निथळत होता. मेन्सियाने मान उंचावली आणि पान्यांगच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत खणखणीत आवाजात हाक दिली,

"या हो दादा, जेवायला!"

"या, या," तुतोयही म्हणाला, आणि बाकावर जरा सरकून त्याने जागा केली.

"झालं जेवण, झालं," माणूस हसून म्हणाला आणि पुढे गेला. तुतोयने सरकून केलेली जागा तशीच राहिली. मेन्सियाने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि तिघंही पुन्हा जेवायला लागली.